देव एकच का?

परवा नातवाने विचारले, "आजोबा, ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान यांचा देव एकच का हो?"

मला ज्यू पंडित मायमोनिडीस आठवले. ११४८ मध्ये मुस्लिम अल्मोहादांनी कॉर्दोबा जिंकले, ज्यूंवर धर्मांतराची सक्ती केली. मायमोनिडीसांच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले. पुढे इजिप्तमध्ये त्यांना ओबादिया या नव्याने ज्यू झालेल्या गृहस्थाचे पत्र आले. मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, असे म्हटल्याबद्दल गुरूंनी त्याला मूर्ख ठरवले होते. घर गमावलेल्या मायमोनिडीसांनी उत्तर दिले, की मुसलमान एकच देव मानतात. गुरूंनीच शिष्याची क्षमा मागावी. ख्रिस्ती त्रैक्य मात्र त्यांना कधी पटले नाही.

नातवाला एवढेच सांगितले. फोन ठेवल्यावर मनात आले, इतकी वर्षे शिकवले, कोणा विद्यार्थ्याची क्षमा मी मागितली होती का?