इंधनाची पातळी आणि मोटारसायकलची कार्यक्षमता

मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल किती आहे, याचा तिच्या ओढीवर, वेगावर आणि प्रतिलिटर कापल्या जाणाऱ्या अंतरावर परिणाम होतो का, हा दुचाकीस्वारांमध्ये नेहमी चर्चिला जाणारा प्रश्न आहे. टाकी भरलेली असताना गाडी अधिक जोमाने पळते आणि पेट्रोल कमी झाले की ओढ घटते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात निर्दोष गाडीच्या इंजिनाला टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली, सारखेच इंधन मिळते. पातळी खालावल्यावर जाणवणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ टाकीतील पाणी, गंज, गाळ किंवा पुरवठ्यातील अडथळा यांत असते.

वजनाचा परिणाम

पातळीचा थेट परिणाम वजनापुरता मर्यादित आहे. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७२० ते ७७५ ग्रॅम असते. हिरो स्प्लेंडर प्लस या ९७.२ घन सेंटिमीटर इंजिनाच्या गाडीची टाकी ९.८ लिटरची आहे. म्हणजे पूर्ण टाकीतील पेट्रोल सव्वासात किलोच्या आसपास भरते. गाडीचे वजन ११२ किलो आणि चालकाचे ६५ किलो धरल्यास हा भार एकूण वजनाच्या सुमारे ४ टक्के होतो. त्यामुळे टाकी रिकामी होत आली की गाडी किंचित हलकी होते व वेग थोडा लवकर घेते. हा परिणाम लोकसमजाच्या उलट दिशेचा आहे, आणि तोही मागे एक माणूस बसल्याने पडणाऱ्या फरकापुढे नगण्य ठरतो.

कार्ब्युरेटरची गाडी

कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने टाकीतून खाली उतरते. त्यावरून, टाकी भरलेली असेल तर दाब वाढून इंजिनाला जास्त पेट्रोल मिळत असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पेट्रोल प्रथम कार्ब्युरेटरच्या लहान कक्षात जमा होते. तेथील तरंगता गोळा, म्हणजे फ्लोट, पेट्रोल ठरावीक उंचीवर येताच सुईसारख्या झडपेने प्रवाह बंद करतो. इंजिन पेट्रोल ओढते ते या कक्षातून. टाकीतून थेट नव्हे.

इंजिनाची गरजही अल्प असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने आणि लिटरला ६० किलोमीटर या हिशेबाने जाणाऱ्या गाडीला मिनिटाला सुमारे १४ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम तीन लहान चमचे, पेट्रोल लागते. कॉक आणि गाळणी स्वच्छ असतील तर टाकी तळाला गेली असतानाही एवढा प्रवाह सहज मिळतो. गाळणी तुंबली असेल तर मात्र कमी पातळीवर पुरवठा अपुरा पडतो व गाडी झटके घेते.

झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यासही पुरवठा अडतो. पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. काही अंतर गेल्यावर इंजिन बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा चालू होते. टाकीत हवेची जागा कमी असल्याने हा दोष भरलेल्या टाकीत उलट लवकर जाणवतो.

इंजेक्शनची गाडी

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यानंतर बहुतेक लहान मोटारसायकलींत इंधन-इंजेक्शन पद्धत आली. यात विद्युत पंप आणि दाबनियंत्रक इंधनाचा दाब स्थिर ठेवतात; त्यामुळे टाकीतील पातळीचा इंजिनाच्या शक्तीशी संबंध उरत नाही. मात्र अनेक गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. पातळी फार खाली गेल्यास चढावर किंवा वळणावर पंप हवा ओढू शकतो. जव्हार-मोखाड्याकडील घाटरस्त्यांवर टाकी तळाला नेऊ नये, ते यासाठी.

रिझर्व्ह आणि टाकीचा तळ

जुन्या पद्धतीच्या कॉकला टाकीच्या आत दोन मार्ग असतात. नेहमीचा मार्ग तळापासून काहीसा उंच असतो, तर रिझर्व्हचा मार्ग तळाजवळ असतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. गंज आणि गाळही तेथेच बसतो. त्यामुळे कॉक रिझर्व्हवर वळवताच काही गाड्या अडखळू लागतात आणि दोष कमी पेट्रोलला दिला जातो.

टाकी गाडीच्या मधल्या सांगाड्यावर खोगिरासारखी बसवलेली असते. पातळी खालावल्यावर पेट्रोल दोन्ही बाजूंना विभागले जाते आणि कॉक नसलेल्या बाजूचे पेट्रोल अडकून राहू शकते. बंद पडलेली गाडी कॉकच्या बाजूला कलवल्यावर पुन्हा सुरू होते, त्यामागे हेच कारण आहे.

वसई-विरारमधील परिस्थिती

पालघर जिल्ह्यातील वसई-विरार हा समुद्रालगतचा, दमट हवेचा भाग आहे. वसई रोड, नालासोपारा आणि विरार या रेल्वे स्थानकांपर्यंत दुचाकीने येऊन पुढे लोकलने मुंबईला जाणारे अनेक आहेत. त्यांच्या गाड्या दिवसभर स्थानकाबाहेर उभ्या असतात. टाकी बरीच रिकामी असेल तर आतल्या मोकळ्या जागेतील दमट हवेतून बाष्प पत्र्यावर जमते आणि कालांतराने गंज धरतो. पावसाळ्यात सखल भागांत पाणी तुंबते, तेव्हा झाकणाचे रबर जीर्ण असल्यास पावसाचे पाणीही आत झिरपते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी सामावून घेते. परंतु प्रमाण वाढल्यास पाणी व इथेनॉल एकत्र होऊन वेगळा थर तळाशी बसतो. तो इंजिनात गेल्यास गाडी बंद पडते. असे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर किंवा वसई खाडीवरील पुलावर घडल्यास मागून येणाऱ्या अवजड वाहनांमुळे स्वाराच्या जिवाला धोका उत्पन्न होतो.

योग्य पातळी

टाकी काठोकाठ भरणेही इष्ट नाही. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास पेट्रोलचे आकारमान सुमारे ०.१ टक्क्याने वाढते. २० अंशांच्या वाढीने १० लिटरचे सुमारे २०० मिलिलिटर अधिक होते. म्हणून भरण्याच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंतच पेट्रोल भरावे. नेहमीच्या वापरात पातळी पाव टाकीखाली जाऊ न देणे, पावसाळ्यापूर्वी झाकणाचे रबर तपासणे आणि टाकी व गाळणी वेळोवेळी साफ करून घेणे एवढी काळजी पुरेशी ठरते. या गोष्टी निर्दोष असूनही ओढ कमी वाटत असल्यास स्पार्क प्लग, हवेची गाळणी, साखळीचा ताण, ब्रेकचे घासणे आणि चाकांतील हवा तपासावी.