मलाक्का : चौऱ्यायशीं भाषांचें बंदर

तोमे पिरेश नांवाचा एक पोर्तुगीज औषधविक्रेता 1512 सालीं मलाक्का बंदरांत उतरला. पूर्वेकडील देशांचा जो वृत्तांत त्यानें लिहून ठेवला, त्यांत या एका शहरांत चौऱ्यायशीं भाषा ऐकूं येतात असें म्हटलें आहे. हा आंकडा त्यानें मोजून लिहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्यानें दिलेली लोकांची यादी वाचूं लागलें म्हणजे अविश्वासास फारशी जागा उरत नाहीं. कैरो, मक्का व एडन येथील लोक, हबशी, इराणी, तुर्क, आर्मेनियन ख्रिस्ती, गुजराती, बंगाली, पेगू व सयामचे रहिवासी, जावी, चिनी. आणि या दाटींत चौल, दाभोळ व गोवें येथील माणसेंहि आहेत! आपल्या कोंकणपट्टीचा उदमी तेथें कोणत्या भाषेंत भाव करीत असेल, या विचारानें मन क्षणभर रमतें.

पिरेश आला तेव्हां शहर पोर्तुगीजांच्या हातीं पडून वर्ष होत आलें होतें. त्यानें वर्णिलेला थाट मुख्यतः सुलतानांच्या अमदानींतील होय. हें शहर सुमात्रेंतून आलेल्या परमेश्वर नांवाच्या राजपुत्रानें 1400 च्या सुमारास वसविलें. तेथें पोटापुरता तांदूळहि पिकत नसे. तो बाहेरून आणावा लागे. शहराचें खरें धन म्हणजे वारा. ज्या वाऱ्यानें पश्चिमेचीं गलबतें येत, त्यानें चीनचीं येऊं शकत नसत; वारा फिरेपर्यंत महिनेच्या महिने तेथेंच मुक्काम करणें प्राप्त होतें. परस्परांचा धर्म, आहार व भाषा न जाणणारीं माणसें अशा रीतीनें शेजारी झालीं.

यांची व्यवस्था लावण्यासाठीं चार शाहबंदर नेमलेले असत. एक केवळ गुजरात्यांचा, दुसरा कलिंग, बंगाल, पेगू इत्यादींचा, तिसरा जावा व मसाल्यांच्या बेटांचा, चौथा चीनकडील लोकांचा. पश्चिमेकडील मालावर शेंकडा 6 जकात असे. बायकामुलांसह स्थायिक झालेल्या परक्यास ती शेंकडा 3 पडे. मालाची किंमत दहा व्यापारी ठरवीत. त्यांत पांच कलिंगी व पांच इतर जातींचे असत. या व्यवस्थेंत औदार्याचा शब्दहि नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. प्रत्येकास आपला मुखिया मिळाला, मापांत दगा होणार नाहीं अशी हमी मिळाली. एवढ्यावर शंभर वर्षें निभावलीं. बंधुभावाच्या घोषणांवर उभ्या राहिलेल्या किती शहरांस एवढें आयुष्य लाभलें आहे?

परंतु हिशेबानें जोडलेली माणसें संकट येतांच आपापला हिशेब करूं लागलीं. 1509 मध्यें सेकेइराचीं पोर्तुगीज जहाजें प्रथम आलीं, तेव्हां त्यांच्याविरुद्ध सुलतान महमुदाचे कान भरण्यांत गुजराती व्यापारी पुढें होते. उलट, त्या वेळीं मागें राहिलेल्या पोर्तुगीज कैद्यांस नीना चेट्टू या हिंदु व्यापाऱ्यानें साह्य केलें. गोवें जिंकल्यावर पुढच्याच वर्षीं, 1511 च्या जुलईंत, अल्बुकर्क येऊन ठेपला. बंदरांत अडकलेल्या चिनी व्यापाऱ्यांनीं त्यास आपलीं गलबतें देऊं केलीं. ऑगस्टांत शहर पडलें. लुटींतून चेट्टूचें घर वगळण्यांत आलें.

विजेत्यांनीं मशिदीचे व राजांच्या थडग्यांचे दगड काढून किल्ला बांधला. सामुद्रधुनी त्यांची झाली खरी, पण मुसलमान व्यापारी अचेह, जोहोर, बांतेन अशा बंदरांकडे वळले. जावी लोकांचा मुखिया उतिमुति राजा याचा तर संशयावरून त्याच वर्षीं शिरच्छेद झाला. चेट्टूस मात्र मोठा मान मिळाला. हिंदूंचा बेंदाहार, म्हणजे मुख्य अधिकारी, म्हणून त्याची नेमणूक झाली. तीनच वर्षांत तें पद काढून कांपारच्या राजास देण्यांत आलें. तेव्हां भर शहरांत चंदनाची चिता रचवून, उंची वस्त्रें नेसून, आपण पोर्तुगीजांसाठीं काय केलें तें जमलेल्या लोकांस सांगून त्यानें अग्निप्रवेश केला, असें पोर्तुगीज बखरकारच लिहितात.