शिक्षेनंतरचे मत

दौंड-मनमाड लोहमार्गावर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि पुणतांबा ही दोन्ही स्थानके आहेत. पहिल्या गावच्या किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद आणून ठेवण्यात आले. दुसऱ्या गावाने ३ एप्रिल २०१७ च्या ग्रामसभेत शेतकऱ्यांच्या संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून दूध-भाजीपाला शहरांकडे जाणे थांबले. पुढे आंदोलकांवरील गुन्हे मागे घ्यावेत ही मागणी कर्जमाफीच्या जोडीने उभी राहिली. गुन्हा दाखल झाल्याने कोणाचे मत जात नाही. पण मतदानाच्या दिवशी तोच माणूस कोठडीत असेल तर जाते. ही रेघ कोणी व कशी आखली, हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

कल्पना मूळची इंग्लंडची. १८७० च्या तेथील कायद्याने गंभीर गुन्ह्यासाठी मालमत्ता जप्त करण्याची जुनी रीत मोडली, मात्र शिक्षा भोगून होईपर्यंत मत नाही, हे कलम राखले. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ते आपल्याकडे आणले : काळे पाणी, सक्तमजुरी वा कैद भोगत असलेल्याने मत देऊ नये. तेथे शब्द शिक्षेविषयी होते. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याचा उल्लेख नव्हता.

स्वातंत्र्यानंतर कायदे करायला बसलेल्या मंडळींपैकी कित्येकांनी तुरुंगाचे अन्न खाल्ले होते. मतदारयादीतून कोणाला वगळावे, हे सांगणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या सोळाव्या कलमात परकीय नागरिक, न्यायालयाने वेडसर ठरवलेला मनुष्य आणि निवडणुकीतील भ्रष्टाचारासाठी अपात्र ठरलेला एवढेच येतात. चोरी, दरोडा, खून, राजद्रोह यांची शिक्षा तेथे नाही. शिक्षा भोगून आलेल्याने अर्ज करायचा नाही, दयेची याचना करायची नाही. दारातून बाहेर पडताच हक्क त्याच्यासोबत असतो. तसे नसते तर सभागृहातल्या अनेकांची नावेच यादीतून गळाली असती. हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

याच मंडळींनी दुसऱ्याच वर्षी मात्र हात आखडता घेतला. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) शिक्षेच्या कैद्यापाशी थांबत नाही. ‘किंवा अन्यथा’ अशा अर्थाच्या शब्दांनी ते कच्च्या कैद्याला आणि पोलीस कोठडीतल्या माणसालाही कवेत घेते. परकीय राज्यकर्त्यांच्या कलमापेक्षा स्वकीयांचे कलम अधिक रुंद निघाले. सवलत मिळाली ती प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्तीला. अहमदनगरच्या किल्ल्यातील नेहरू, पटेल, आझाद, शंकरराव देव हे खटल्याविना डांबलेले होते. ते या सवलतीत बसले असते. मिठाच्या सत्याग्रहात सहा महिन्यांची सजा भोगणारा खेड्यातला स्वयंसेवक बसला नसता. उलट, शिक्षा होऊनही अपिलात जामिनावर सुटलेला माणूस खुशाल मतदान करू शकतो.

या कलमाला आव्हान दिले गेले, तेव्हा १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. जो स्वतःच्या वर्तनामुळे तुरुंगात आहे त्याला बाहेरच्या माणसासारखे स्वातंत्र्य मागता येणार नाही, असा एक मुद्दा निकालात आहे. दोषी ठरलेल्याबाबत तो समजू शकतो; ज्याचे वर्तनच अजून तपासायचे आहे त्याच्याबाबत तो लंगडा वाटतो. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक या कच्च्या कैदेतील दोन आमदारांना विधान परिषदेच्या निवडणुकीत मत देऊ द्यायला न्यायालयांनी नकार दिला, तो याच कलमामुळे. आमदारांची बातमी झाली, एवढाच फरक.

मुदतीसाठी मत गेल्याचे महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण तुरुंगाबाहेरचे आहे. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतील भाषणांवरून बाळासाहेब ठाकरे यांचा मताचा हक्क सहा वर्षांसाठी काढला गेला. राष्ट्रपतींचा आदेश जुलै १९९९ चा, पण मुदत मोजली गेली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ डिसेंबर १९९५ च्या निकालापासून. म्हणजे निम्म्याहून अधिक शिक्षा आदेशापूर्वीच सरली होती. डिसेंबर २००१ मध्ये हक्क आपोआप परतला.

अमेरिकेत हे परतणे इतके सोपे नाही. फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये शिक्षा पुरी केलेल्या बहुतेकांना हक्क परत देण्याचा कौल दिला. पुढच्याच वर्षी तेथील विधिमंडळाने दंड व न्यायालयीन देणी फेडण्याची अट घातली. या तुलनेत आपले १९५० चे कलम उदार आहे, यात शंका नाही.

पण आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, आणि जामिनाची रक्कम वा जामीनदार न जमल्याने अडकून पडलेले त्यांत पुष्कळ. २०१३ च्या दुरुस्तीने कैदेतल्या माणसाचे नाव मतदारयादीत कायम राहते, हे स्पष्ट केले आहे. मतदानाच्या दिवशी केंद्रावरील यादीत ते छापलेले असते आणि त्याच्यापुढची जागा कोरी राहते. खटला संपून तो निर्दोष सुटला, तरी हुकलेले ते मत त्याला मागता येत नाही.