पॅन, आधार आणि जीएसटी : एका क्रमांकाचा इतिहास



संशोधनाची तयारी करताना आपण नमुना निवड, गृहीतके, चल हे सगळं वाचतो. पण डेटाच्या पहिल्या रकान्यातल्या ओळख क्रमांकाकडे सहसा कोणी बघत नाही. तो कोणी दिला, कशासाठी दिला, आणि तो खरंच एका माणसाला एकच आहे का? आज यासाठी भारतातल्या कर क्रमांकाचं उदाहरण घेऊ.

रजिस्टरपासून पॅनपर्यंत

पॅन येण्याआधी करदात्याची ओळख म्हणजे जीआयआर क्रमांक, म्हणजेच जनरल इंडेक्स रजिस्टरमधली नोंद. हा क्रमांक त्या-त्या कर अधिकाऱ्यापुरताच एकमेव असायचा. दुसऱ्या अधिकाऱ्याच्या रजिस्टरमध्ये तोच आकडा दुसऱ्याच कोणाचा असू शकत होता. १९७२ मध्ये पॅन आला आणि १ एप्रिल १९७६ पासून कलम १३९अ मुळे त्याला कायद्याचा आधार मिळाला. पण तो हाताने दिला जायचा आणि मागे माहितीचा एकत्रित साठा नव्हता. त्यामुळे एकाच माणसाला दोन पॅन गेले तरी कळायला मार्ग नव्हता.

१९९० च्या दशकाच्या मध्यात नवी दहा अक्षरी मालिका आली. तिच्यात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अशी माहिती उच्चारानुसार जुळवून दुबार अर्ज शोधले जाऊ लागले. आपल्याकडे ‘चव्हाण’ हे एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहिलं जातं. म्हणजे अक्षरं जुळवून भागणार नव्हतं, उच्चार जुळवायला हवा होता. आणि तरीही नाव किंवा तारीख थोडी बदलून दुसरा पॅन काढणारे सुटायचेच.

आधारचा प्रवेश

पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं यामुळे दुबार नोंद पकडणं सोपं होईल, हा त्यामागचा विचार. २०१७ मध्ये कलम १३९अअ आलं आणि विवरणपत्र व पॅनसाठी आधार सक्तीचं झालं. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या.

इथे संशोधकाने थांबून बघावं असा एक युक्तिवाद आहे. सरकारने सांगितलं, व्यक्तींचे सुमारे १०.५२ लाख दुबार पॅन सापडले आहेत. याचिकाकर्त्यांचं म्हणणं, एकूण पॅन सुमारे २४ कोटी, म्हणजे हे प्रमाण ०.४ टक्केच, त्यासाठी सगळ्यांवर सक्ती कशाला? आकडा तोच. एकाने अंश दाखवला, दुसऱ्याने छेद. शिवाय हे ‘सापडलेले’ दुबार आहेत. न सापडलेले किती, हे जुन्या पद्धतीने कळणारच नव्हतं. ९ जून २०१७ च्या निकालात न्यायालयाने कलम कायम ठेवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये घटनापीठाने बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती रद्द केली, पण करासाठीची जोडणी वैध ठरवली.

माणूस आणि त्याचा धंदा

आधार फक्त माणसाला मिळतं, कंपनीला नाही. पॅन दोघांनाही मिळतो. पॅनचं चौथं अक्षर ते सांगतं: व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, भागीदारी फर्मसाठी ‘एफ’, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी ‘एच’. पण स्वतःच्या मालकीचं दुकान चालवणाऱ्याच्या धंद्याला वेगळा पॅन नसतोच. त्याचा वैयक्तिक पॅन हाच धंद्याचाही पॅन.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याचा क्रमांक पंधरा अक्षरांचा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे थेट पॅन. हा क्रमांक बिलावर छापावा लागतो, दुकानाच्या पाटीवरही लावावा लागतो. कंपनीचं यात काही बिघडत नाही. पण छोट्या दुकानदाराचा वैयक्तिक पॅन, जो त्याच्या आधारला, बँक खात्याला जोडलेला आहे, तो रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही वाचता येतो. हे कोणी मुद्दाम ठरवून केलं असं म्हणता येत नाही. दोन सोयीचे निर्णय एकमेकांवर बसले, एवढंच. पण त्याचा भार मात्र लहान माणसावर पडला.

आपल्यासाठी यात काय?

जीएसटीचा डेटा हाताशी आला तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, क्रमांक मोजून व्यवसायांची संख्या काढू नका. पाच राज्यांत नोंदणी असलेल्या एका कंपनीचे किमान पाच जीएसटी क्रमांक असतात. त्यासाठी मधली दहा अक्षरं वेगळी काढून मोजा. दुसरं, त्या दहा अक्षरांतलं चौथं ‘पी’ असेल तर तो डेटा ‘व्यावसायिक’ म्हणून मोकळा सोडू नका. तो एका माणसाचा खाजगी क्रमांक आहे. प्रबंधाच्या परिशिष्टात टाकण्याआधी तो झाका.