विश्वाचा आकार कसा आहे? सरळ जात राहिलो तर परत खडवलीलाच येऊ का?

खडवलीहून कसारा लोकल पकडली की वासिंद, आसनगाव करत कसाऱ्याला प्रवास संपतो. लोकल त्यापुढे जात नाही. आता अशी एक गाडी डोळ्यांसमोर आणा, जी अंतराळात सरळ रेषेत निघाली आणि कुठेच वळली नाही. ती कायम पुढेच जाईल, की एक दिवस टिटवाळ्याच्या बाजूने पुन्हा खडवलीत शिरेल?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी खरंच तपासून पाहिला आहे. त्यात पुण्याच्या 'आयुका' संस्थेचाही वाटा आहे.

विश्व 'सपाट' आहे म्हणजे काय?

सपाट म्हणजे ताटासारखं नव्हे. हा भूमितीतला शब्द आहे. कागदावर काढलेल्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश होते. पृथ्वीच्या गोलावर उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचा मोठा त्रिकोण काढला, तर ती २७० अंशही होऊ शकते. घोड्याच्या खोगिरासारख्या पृष्ठभागावर ती १८०पेक्षा कमी भरते.

विश्वाचा त्रिकोण मोजायला सर्वात जुना प्रकाश उपयोगी पडतो. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी हा प्रकाश मोकळा झाला. आज तो सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो आणि त्यात किंचित गरम-थंड ठिपके आहेत. अवकाश सपाट असेल तर हे ठिपके साधारण एक अंशाचे दिसायला हवेत. २००० साली 'बूमरँग' या बलूनवरच्या दुर्बिणीला ते तसेच दिसले. पुढे 'डब्ल्यूमॅप' आणि 'प्लांक' या यानांनी जास्त अचूक मोजमाप केलं. उत्तर तेच आलं: अवकाश जवळजवळ सपाट आहे.

सपाट म्हणजे अनंत का?

नाही, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. जुन्या मोबाइलवरचा सापाचा गेम आठवा. साप उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत यायचा. स्क्रीन सपाटच होती, पण तिला कड नव्हती आणि ती अनंतही नव्हती. त्रिमितीय सपाट अवकाश असं स्वतःला जोडलं जाण्याचे १७ प्रकार गणिताला माहीत आहेत. अठरावा प्रकार म्हणजे साधं, सगळीकडे अनंत पसरलेलं अवकाश.

हे शोधायचं कसं?

जुना प्रकाश चहूबाजूंनी येतो, म्हणजे आपण एका अजस्र गोलाच्या मध्यभागी आहोत. विश्व या गोलापेक्षा लहान असेल, तर गोल स्वतःलाच छेदेल. मग आकाशात दोन वेगळ्या दिशांना ठिपक्यांचा तोच क्रम असलेली वर्तुळं दिसतील. कॉर्निश, स्परगेल आणि स्टार्कमन यांनी १९९८मध्ये ही पद्धत मांडली.

जयंत नारळीकर ज्या आयुकाचे संस्थापक संचालक होते, तिथे तरुण सौरदीप यांनी दुसरी वाट घेतली. अवकाश स्वतःला जोडलेलं असेल, तर सगळ्या दिशा सारख्या राहत नाहीत. सापाच्या स्क्रीनवरही आडवं, उभं आणि तिरकं जाणं वेगवेगळं पडतं. हा फरक ठिपक्यांच्या नकाशात मोजण्याची पद्धत सौरदीप आणि अमीर हाजियन यांनी २००३मध्ये मांडली.

मग उत्तर काय मिळालं?

जुळणारी वर्तुळं सापडली नाहीत. आयुकाच्या पद्धतीने डब्ल्यूमॅपचा नकाशा तपासला, तेव्हाही दिशांमधल्या फरकाचा ठोस पुरावा मिळाला नाही.

पण याचा अर्थ विश्व अनंत आहे, असा होत नाही. आपल्याला सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचाच भाग दिसतो. खडवलीला भातसा नदीच्या काठावर उभं राहिलं की जमीन सपाटच वाटते, पृथ्वीचा गोलपणा तिथून कळत नाही. तसंच विश्वाचा फेरा आपल्या नजरेच्या टप्प्यापेक्षा मोठा असेल, तर तो दिसणार नाही. २०२४मध्ये शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवलं की अनेक पर्याय अजूनही बाद झालेले नाहीत आणि त्यांच्या खुणा जुन्या प्रकाशाच्या नकाशात असू शकतात.

आणि आपली गाडी? विश्वाचं प्रसरण वेगावत आहे. त्यामुळे आज इथून निघालेला प्रकाशसुद्धा, सध्या साधारण १७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडे असलेल्या जागी कधीच पोहोचणार नाही. आपल्याकडे परत येणारा फेरा असलाच, तर तो याहून कितीतरी मोठा आहे, हे आतापर्यंतच्या शोधांतून दिसतं. म्हणजे अवकाश गोल फिरून परत येत असलं, तरी आपली गाडी खडवलीला परत येणार नाही.