किडनीचा कॅन्सर: ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी गुदमरल्यासारख्या का वागतात?

उंच डोंगरावर हवा विरळ होते. ऑक्सिजन कमी पडू लागला की किडनी एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन जास्त बनवते आणि रक्तातल्या लाल पेशी वाढतात. पण ऑक्सिजन कमी झालाय हे पेशीला कळतं कसं? याचं उत्तर शोधणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. किडनीच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये नेमकी हीच यंत्रणा बिघडते.

ही यंत्रणा काय आहे?

पेशीत 'हिफ' नावाचं प्रथिन सतत तयार होत असतं. ऑक्सिजन पुरेसा असेल तर काही एन्झाइम्स त्यावर खूण करतात. 'व्हीएचएल' हे दुसरं प्रथिन ती खूण ओळखतं आणि हिफची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही. मग हिफ टिकतं आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी, जास्त साखर खेचून घेणारी जनुकं सुरू करतं.

कॅन्सरमध्ये काय होतं?

'क्लिअर सेल' प्रकारच्या बहुतेक गाठींमध्ये व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन असूनही हिफ नष्ट होत नाही. पेशी भरपूर साखर वापरतात, चरबी आणि ग्लायकोजेन साठवतात. तपासणीसाठी स्लाइड बनवताना हा साठा विरघळतो आणि पेशी रिकाम्या, पारदर्शक दिसतात. 'क्लिअर सेल' हे नाव त्यावरूनच पडलं.

एन्झाइम्सचा संबंध काय?

एफबीपी-१ हे एन्झाइम शरीरात नव्याने साखर बनवायला मदत करतं. २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनानुसार, क्लिअर सेलच्या तपासलेल्या ६०० हून अधिक गाठींमध्ये ते घटलेलं होतं. हे एन्झाइम पेशीच्या केंद्रकात हिफलाही आवर घालतं. म्हणजे ते घटलं की हिफवरचा आणखी एक लगाम सुटतो.

काही कुटुंबांत आढळणाऱ्या एका दुर्मिळ, आक्रमक प्रकारात फ्युमरेट हायड्रेटेज या एन्झाइमच्या जनुकात दोष असतो. त्यामुळे पेशीत फ्युमरेट साचतं आणि हिफवर खूण करणाऱ्या एन्झाइम्सना अडवतं.

रुग्णांना याचा काय उपयोग?

हिफमुळे वाढणाऱ्या रक्तवाहिन्या रोखणारी औषधं आधीपासून वापरात आहेत. बेल्झुटिफान हे औषध थेट हिफच्या एका प्रकारावर काम करतं. अमेरिकेत त्याला २०२१ मध्ये आनुवंशिक व्हीएचएल आजारासाठी, तर २०२३ मध्ये इतर उपचारांनंतरही वाढणाऱ्या किडनीच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. मात्र एरिथ्रोपोएटिनही हिफच्याच ताब्यात असल्याने या औषधामुळे रक्तक्षय होऊ शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावं?

सुरुवातीला या कॅन्सरची लक्षणं अनेकदा दिसतच नाहीत. लघवीतून रक्त गेलं, तर दुखत नसलं तरी तपासणी करून घ्यावी. कुटुंबात किडनीचा कॅन्सर झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.