‘बहुधा’ या शब्दाचे मोल

बेळगावची माणसे चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्याला जातात, संत झेवियरचे शव ठेवलेले चर्च पाहतात आणि परततात. जवळच्या टेकडीवरील ऑगस्टिनियन मठाच्या भग्न मनोऱ्याकडे थोडेच फिरकतात. मी इतिहासाचा मास्तर. माझे पाय तिकडे हटकून वळतात.

ख्रिस्ती पुरातत्त्वविद्या जन्मली रोममध्ये, आणि जन्मली ती श्रद्धेपोटी. १५९३ साली आंतोनिओ बोझिओ हुतात्म्यांच्या खुणा शोधीत तिथल्या भुयारी दफनभूमीत उतरला. तिला शास्त्राची शिस्त लावली ती एकोणिसाव्या शतकात दे रोस्सीने. सातव्या शतकातील यात्रेकरूंच्या वाटपुस्तिका आणि शिलालेख ताडून त्याने १८५४ साली तिसऱ्या शतकातील पोपांचे दफनस्थान हुडकले. कागदाने जागा दाखवायची, कुदळीने पडताळा घ्यायचा. १९२५ साली रोममध्ये या विषयाची स्वतंत्र संस्थाच निघाली.

हीच रीत गोव्यात फळाला आली. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्म बदलण्यास नकार दिला, म्हणून १६२४ साली इराणातील शिराझ येथे तिला हालहाल करून मारण्यात आले. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या काही अस्थी १६२७ साली गोव्यातील मठात आणल्या. १८३५ साली मठ ओस पडला, १८४२ साली चर्चचे छत कोसळले. अस्थी एका चॅपेलच्या दुसऱ्या खिडकीपाशी दगडी पेटीत आहेत, असे पोर्तुगीज कागद सांगत होते. पण ढिगाऱ्याखाली ते चॅपेल नेमके कोणते, हेच उमगत नव्हते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने मठाचा आराखडा उकलला, आणि २००५ साली हाताचे हाड हाती आले. हैदराबादच्या सीसीएमबीने त्याचा डीएनए तपासला. आईकडून येणारा तो वंशगट भारतीयांच्या हजारो नमुन्यांत सापडला नाही, जॉर्जियात सापडला. तरीही २०१४ साली छापलेल्या निबंधाच्या शीर्षकात शास्त्रज्ञांनी लिहिले : ‘बहुधा’ राणीचे. २०२१ साली भारताने त्या अस्थींचा भाग जॉर्जियाला दिला.

हे सारे दिवाळीच्या अंकात कशाला? आपल्या सीमाभागात दगड दिसला, मग तो हलशीच्या देवळातला असो वा वेशीवरला वीरगळ, की पहिला प्रश्न असतो : हा आमचा की त्यांचा? उत्तर आधीच ठरलेले असते, पुरावा मागून गोळा होतो. मीही त्यातलाच. जिथे ‘बहुधा’ म्हणायला हवे होते, तिथे मी वर्गात कैकदा ‘नक्की’ म्हणालो. ती पोरे आता मोठी झाली, त्या ‘नक्की’वर हिरिरीने भांडतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचीत असेल, तर ही दुरुस्ती त्याच्यासाठी.